पुरावाबाई आणि 'खुणावणे'

शब्दकोशाच्या कचेरीत त्यांना सगळे पुरावाबाई म्हणत, अगदी तोंडावर. त्यांना राग येत नसे. उलट हे नाव प्रथम कुणी, कधी वापरलं याचंही एक कार्ड त्यांनी करून ठेवलं होतं.

त्या दिवशी 'खुणावणे' छापायला जायचं होतं. पहिला अर्थ, हाताने किंवा डोळ्याने इशारा करणे, सरळच होता. व्युत्पत्तीत प्रमुखांना एखादा भारदस्त संस्कृत धातू हवा होता. बाईंनी लिहिलं, 'खूण या नामापासून. त्यापलीकडे आम्हाला ठाऊक नाही.' घोडं अडलं दुसऱ्या अर्थापाशी: दूरच्या वस्तूने मनाला ओढ लावणे. कवितांमधल्या वापराची कार्डं ढीगभर. पण कचेरीचा नियम असा, की बोलण्यातले दोन पुरावे हवेत, तेही कचेरीबाहेरच्या माणसांचे. बाईंकडे एकच होता, धाकट्या जावेचा. पाचपर्यंत दुसरा मिळाला नाही तर तो अर्थ कोशातून गळणार होता.

"विचारून टाका की कुणाला तरी," शेजारच्या टेबलावरून मी म्हटलं.

"म्हणजे शब्द मीच त्याच्या तोंडात घालू? पढवलेला साक्षीदार चालत नाही हो."

दुपारभर बाई हिंडल्या. शिंप्याला विचारलं, सुट्टीत काय करावंसं वाटतं? तो म्हणाला, "झोपावंसं." चांभाराला समुद्र नुसता 'बोलावत' होता. बाई हात हलवत परतल्या.

पावणेपाचला छापखान्याचा फोरमन पान न्यायला आला आणि जांभई देत म्हणाला, "बाई, आटपा. घरची खाट सकाळपासून खुणावतेय."

आम्ही टाळ्याच पिटल्या. बाईंनी कार्ड लिहिलं, तारीख घातली आणि थबकल्या.

"पान का अडलंय, ते काल तुम्हाला मीच सांगितलं ना? हाच शब्द?"

"सांगितलंत. पण खाट खरंच..."

टर्रकन कार्ड फाटलं.

"अहो, कुणाला कळणार आहे?" प्रमुख कळवळले.

"मला कळलंय ना."

प्रमुखांनी कार्डाचे तुकडे गोळा केले. मग फोरमनला म्हणाले, "पान उद्या न्या."

"अकरा वर्षं कोश थांबलाय," तो म्हणाला, "एका दिवसाने काय म्हातारा होतोय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई थोरल्या दिरांना भेटायला इस्पितळात गेल्या. शेजारच्या कॉटवर पाय प्लास्टरमध्ये टांगलेला एक पोस्टमन होता. बाईंनी जाता जाता त्याची उशी सारखी करत सहज विचारलं, "कसं वाटतंय?"

"कसलं वाटतंय! खिडकीतून तो रस्ता सारखा खुणावतो, आणि मी हा असा."

बाईंनी पर्समधून कोरं कार्ड काढलं. "नाव, वय, राहणार कुठले?"

"अहो, मी केलं काय?"

"फार मोठं काम केलंत," बाई म्हणाल्या, आणि कार्ड घेऊन थेट कचेरीकडे सुटल्या. दुसरा अर्थ छापून आला.

थोरले दीर मात्र अजून ऐकवतात, "भेटायला म्हणून आली, शेजाऱ्याची उशी सारखी केली, आणि गेली!"