सुनंदाचा रकाना

सुनंदाच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी एका बाईंच्या खांद्याचं माप घेत होते. "मावशी, आई गेली..." एवढंच ती बोलली. मी माप लिहून घेतलं, बाईंना मंगळवारी यायला सांगितलं आणि मग खाली बसले. त्याला आता दीड महिना झाला.

दिंडोशीला आमचं दोघींचं शिवणाचं दुकान. ती जालन्याकडची, मी कणकवलीची. शिवणक्लासमध्ये ओळख झाली आणि पुढे एकवीस वर्षं आम्ही एकाच टेबलावर कापड कापलं. सुरुवातीला येईल ते शिवायचो... ब्लाऊज, पडदे, गॅदरिंगचे पोशाख, मुलींचे घेरदार ड्रेस. दिवसभर राबायचो, तरी रोज कुणीतरी दारात उभं राहून भांडायचं, "ताई, लग्न उद्यावर आलंय!" मी म्हणायचे, आणखी एक मशीन घेऊ. सुनंदा म्हणाली, "आधी बघू तर दे, आपली वाट नक्की कशाने लागते." तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन रकाने आखले, एक तिचा, एक माझा. कपडा उशिरा गेला की फुली, दुरुस्तीला परत आला की गोल, आणि शेजारी कपड्याचं नाव. दोन महिन्यांनी बघितलं, तर बहुतेक खुणा माझ्या रकान्यात, घेरदार ड्रेसांपुढे. "शालन, हे बंद करू. फक्त ब्लाऊज." मी चार दिवस तिच्याशी बोलले नाही. त्या झालरींत माझा जीव होता गं... पण खुणा माझ्याच डोळ्यांदेखत पडल्या होत्या. ड्रेस बंद केले. सहा महिन्यांत दारातली भांडणं थांबली आणि सातला दुकान बंद व्हायला लागलं.

गेल्या वर्षी तिने कापलेले ब्लाऊज परत यायला लागले. एक बाही लांब, एक आखूड. ती नसताना मी ते गुपचूप उसवून नीट करायचे आणि कॅलेंडरवर काही लिहायचे नाही. एकदा एक बाई तिच्यासमोरच म्हणाल्या, "मागच्यासारखं परत यायला लावू नका हं." त्या गेल्यावर सुनंदाने कॅलेंडरवरच्या आपल्या कोऱ्या रकान्याकडे पाहिलं.

"किती आले गं परत?"

"एखाद-दुसरा."

"शालन."

"...नऊ."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"कसं सांगू? तुझे होते."

"तुझे होते तेव्हा मी सांगितलं ना? तू लपवलंस तर माझा हात चुकतोय हे मला कळणार कसं?"

तिने नऊ गोल स्वतःच काढले आणि कात्री माझ्या बाजूला सरकवली. त्यानंतर ती फक्त हुक आणि काजं करायची. महिन्याभराने डॉक्टरांनी मेंदूत गाठ असल्याचं सांगितलं, बरीच वाढलेली. आधी कळलं असतं तर काही वेगळं झालं असतं का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. तिनेही मला कधी ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं...

आता सगळं मी एकटीच करते. दुपारी दीडला जेवायला शटर अर्धं खाली ओढते, तसंच, आम्ही ओढायचो तेवढं. बाहेरून कुणी वाकून विचारलं, "आहे का कुणी?" की सुनंदा तोंडातला घास सांभाळत ओरडायची, "आहोत, दोन मिनिटं!" परवा कुणीतरी तसंच विचारलं. मी ओरडले, "आहोत!"

आणि मग कितीतरी वेळ डबा समोर घेऊन तशीच बसून राहिले.