ही पाठ सरळ होते का

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि आज सांगतोय ते मन हलकं व्हावं म्हणून नव्हे — चीड येते म्हणून. स्वतःचीच.

आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. कॉलेजच्या संघात बास्केटबॉल खेळलो, गार्ड म्हणून. म्हणून सत्तरच्या दशकात राज्याच्या शिबिरासाठी सोलापुरातली मुलं निवडायची होती तेव्हा समितीत मलाही खुर्ची मिळाली. खुर्ची! काय छाती फुगली होती माझी.

नरसय्या आमच्याच गल्लीतला, विणकराचा मुलगा. सतराचा असेल. गार्डच खेळायचा. काय खेळला त्या दिवशी — चेंडूकडे न बघता दोन्ही हातांनी ड्रिबल, डावा कुठला नि उजवा कुठला कळू नये. मुंबईहून आलेले साहेब म्हणाले, हा डावा हात ह्यानं आणला कुठून? मला माहीत होतं. हातमागावर धोटा एका हातानं फेकायचा, दुसऱ्यानं झेलायचा — कळायला लागल्यापासून. माझाही डावा हात तिथलाच. पण बोललो का मी?

मग उंची घ्यायला त्याला भिंतीशी उभं केलं. खांदे टेकेनात. मागावर बसून बसून पाठीला बाक आलेला. साहेबांनी मला बाजूला घेतलं.

"तुम्ही इथले. ही पाठ सरळ होते का हो?"

होते. माझी झाली होती — माग सुटला, मैदानावर धावलो, झाली. पण हे सांगायचं म्हणजे मीही मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसत होतो हे सांगणं आलं. इस्त्रीच्या शर्टात? त्या खुर्चीवरून?

"नाही सर," मी म्हणालो. "ह्या लोकांची पाठ अशीच राहते."

ह्या लोकांची! माझा बाप त्या घटकेला घरी मागावर बसला होता.

यादीतून त्याचं नाव गेलं. नरसय्याला मी सांगितलं, उंची कमी पडली. त्यानं मान डोलावली. वर मलाच म्हणाला, "अण्णा, तुमी होता म्हणून हितंवर तरी आलो की."

पुढं तो यंत्रमागावर लागला. तिथं उभ्यानं काम. दोनेक वर्षांनी नव्या पेठेत समोरून आला — माझ्यापेक्षा चार बोटं उंच, पाठ ताठ. लांबूनच हसला, अण्णा म्हणून हाक मारली. मी खाली वाकलो नि चपलेचा पट्टा चाचपत राहिलो — तो पुढं निघून जाईपर्यंत.