निवळलेलं पाणी

पाणी कसं निवळायचं ते चांगुणाच्या हातांना ठाऊक होतं. तिच्या गावी पाथर्डीकडं आडाच्या तळाशी उरतो तो निम्मा चिखलच, आणि त्यातूनच प्यायचं पाणी काढायचं असतं.

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. ऊसतोड संपली तरी ती आणि तिचा नवरा कारभारी गावी गेले नाहीत. जाण्यासारखं तिथं काही उरलं नव्हतं. श्रीरामपूरजवळच्या साखर कारखान्यामागं त्यांची उसाच्या पाचटानं शाकारलेली कोपी तशीच उभी राहिली आणि दारात गाभण कालवड. टँकरचं पाणी कोपीला दोन हंडे, तेही माणसांपुरतं. परगावच्या जनावराला चारा छावणीत जागा नव्हती.

चांगुणाला इंजिनिअरसाहेबांच्या बंगल्यावर धुण्याभांड्याचं काम मिळालं. साहेबांच्या मेहुण्यानं भाच्यासाठी परदेशातून रबरी हौद आणला होता. सायकलच्या पंपानं हवा भरली की तो अंगणात निळा, गोल, टम्म फुगून बसायचा. तीन वर्षांचं पोर दिवसभर त्यात डुंबायचं. बाईसाहेब पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकायच्या. पोराच्या मांड्यांवर लाल चट्टे उठले. आणि उपसलेलं पाणी चांगुणानं घमेल्यात घालून कालवडीपुढं ठेवलं, तेव्हा तिनं नाक फुरफुरवलं आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी चांगुणा म्हणाली, “बाईसाहेब, ती पावडर नगा टाकू. लेकराचं अंग कवळं हाय. मी रोज उपसून धुती की.”

“रोज? अगं, वैतागशील.”

“न्हाई वैतागत.”

खरं कारण तिनं पोटातच ठेवलं.

ती रोज हौद रिकामा करी. रिठ्याच्या फेसात दोडक्याची जाळी बुडवून आतून घासी. राख घेत नसे, रबराला चरे पडले की त्यात शेवाळ धरतं. सांध्यातला बुळबुळीतपणा बोटानं काढी, मग हौद उन्हात पालथा घाली. पोराच्या अंगाचं तेल आधी पुसून, पाय परातीत धुऊन मगच त्याला आत सोडी. आणि जुनं पाणी हंड्याहंड्यानं कोपीकडं नेई. कालवड डोळे मिटून प्यायची.

शेजारच्या कोपीतली गोजरबाई म्हणायची, “साहेबाच्या पोराचं उष्टं पानी पिती व्हय? उद्या इंग्रजीत हंबरंल बघ.”

“हंबरू दे. जगली म्हंजी झालं,” चांगुणा म्हणायची.

पुढं कालव्याचं पाणी आटत गेलं आणि नळाला गाळ येऊ लागला. बाईसाहेब हौदाकडं बघून नाक मुरडत म्हणाल्या, “शी! पावडरच टाकावी लागणार पुन्हा.”

चांगुणा तशीच कोपीवर गेली. तिनं गाठोड्यातून निवळीच्या बिया आणल्या, सहाणेवर उगाळल्या, ते गंध पाण्यात कालवलं आणि वर जुनं धोतर झाकलं. सकाळी गाळ तळाशी बसला होता. नळी लावून तिनं तेवढाच ओढून काढला. बादलीभर पाणी गेलं. बाकीचं काचेसारखं. बाईसाहेबांनी साहेबांना हाक मारून दाखवलं.

साहेब म्हणाले, “वा! मग रोज कशाला उपसायचं? आठवड्यातून एकदा पुरे. लोकांना प्यायला पाणी नाही. आपणही काही जाणीव ठेवायला हवी.”

चांगुणा ओल्या हातांनी उभी राहिली. दुष्काळाची जाणीव नेमकी तिच्या हंड्यावर येऊन पडली होती, आणि ती तिनंच आपल्या हातांनी उगाळून दिली होती. कालवडीसाठी मागावं असं ओठावर आलं. पण आपण इतके दिवस लेकराच्या अंगाचं नाव पुढं केलं, ते आता उघडं पडेल, या लाजेनं तिची जीभ उचलेना.

चार दिवसांत कालवडीचे डोळे खोल गेले. चांगुणानं कोपीतला एक हंडा तिच्यापुढं ठेवला तर कारभारी म्हणाला, “आपुन काय प्यायचं मग?”

पाचव्या दिवशी तिनं बी उगाळलं नाही. पाणी गढूळ दिसलं की उपसायला सांगतील म्हणून मूठभर माती घेऊन हौदावर हात धरला. जन्मात तिनं कुणाचं पाणी नासवलं नव्हतं. मूठ उघडायला वेळ लागला, पण उघडली.

दुपारी बाईसाहेबांनी गढूळ पाणी पाहिलं. त्या आत जाऊन पावडरचा डबा घेऊन आल्या आणि चांगला वाडगाभर ओतला. पोराच्या पायांची आग होऊ लागली तेव्हा म्हणाल्या, “चांगुणा, उपसून टाक गं सगळं.”

मग हवं तेवढं पाणी तिचं झालं. तिनं घमेलं भरून नेलं. कालवडीनं मान लांब केली, हुंगलं, नाक फुरफुरवलं आणि तोंड फिरवलं. चांगुणानं तिची मान दाबून धरली. “पी गं बाई, पी.” कालवड तशीच.

दुसऱ्या दिवशी पहाटे कारभारी दावं सोडून तिला नेवाशाच्या बाजाराकडं घेऊन निघाला.

चांगुणानं विचारलं, “पोसनारा बघून द्याल न्हवं?”

“व्हय,” तो म्हणाला. त्या उन्हाळ्यात जनावर कोण विकत घेतं ते दोघांनाही माहीत होतं.

बंगल्यावर पोराच्या मांड्या पुन्हा लाल झाल्या होत्या. बाईसाहेब म्हणाल्या, “तुझं ते बीच बरं गं. आज विसरू नकोस.”

चांगुणा सहाणेपुढं बसली. हात जड होता, पण चुकला नाही. दुसऱ्या सकाळी हौदाच्या तळावर छापलेले रंगीत मासे खवल्यांसकट दिसत होते.