पुस्तकावरचा हात

आमचं गाव वरोऱ्याजवळ. गावच्या बुद्धविहारात वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. मी कॉलेजात जायला लागले तेव्हापासून वाचायचं काम माझ्याकडे आलं. तिथली एक रीत आहे. ओळी वाचताना उजवा हात पुस्तकावर ठेवायचा आणि अर्थ सांगताना उचलून मांडीवर घ्यायचा. ऐकणाऱ्या बऱ्याच बायांना वाचता येत नाही. ग्रंथातलं कोणतं आणि वाचणारीचं कोणतं, हे त्यांना हातावरून कळतं. एकदा मी हात उचलायला विसरले, तर आईनेच विचारलं, "मास्तरीणबाई, हे पुस्तकातलं होय का तुह्या मनातलं?" सगळ्या हसल्या.

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. एम.ए.नंतर मी पीएच.डी.साठी विषय निवडला : चिनी अभ्यासक रशियन तत्त्वज्ञानाचा अभ्यास कसा करतात. माझ्या मार्गदर्शक सरांनी दिलेल्या इंग्रजी लेखांतून मला तो सापडला होता. चीनमधल्या एका पिढीने रशियाकडून आलेला विचार पाठ्यपुस्तकासारखा शिकून घेतला. सोव्हिएत राज्य मोडल्यावर पुढच्यांनी त्या पाठ्यपुस्तकांनी वगळलेले धार्मिक विचारवंत मूळ रशियनमधून वाचले, चिनीत आणले, आणि शेजाऱ्याच्या या वाटेवरून आपल्याला काय कळतं ते तपासलं. मला हे घरचं वाटलं. आजोबांच्या पिढीने धम्म विश्वासाने स्वीकारला. निवांत बसून प्रश्न विचारायची सवड आमच्या पिढीला मिळाली, आणि ती त्यांच्यामुळेच मिळाली.

गडचिरोलीला विद्यापीठाच्या समितीपुढे विषय मांडायचा होता. सर लवकरच निवृत्त होणार होते. विषय त्या दिवशी मंजूर झाला नाही, तर त्यांच्या हाताखाली काम करणं मला कधीच जमणार नव्हतं.

समितीतल्या बाहेरगावच्या प्राध्यापक बाईंनी मला चिनी येतं का, रशियन येतं का, असं विचारलं. दोन्हींना मी नाही म्हटलं. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे त्यांनी जे मुळातून वाचलं, ते तुम्ही तिसऱ्याच भाषेतून सांगणार?"

सरांनी तयार करून दिलेलं उत्तर माझ्याजवळ होतं. पण माझे दोन्ही हात मांडीवर होते आणि माझं लक्ष तिकडेच गेलं. मी त्यांना विहारातली रीत सांगितली. म्हटलं, "आज माझा हात पुस्तकावर नाही, मॅडम."

सरांनी मान खाली घातली. विषय मंजूर झाला नाही. निदान रशियन शिकून या, विषय मात्र सोडू नका, असं बाईंनी सांगितलं. बाहेर आल्यावर सरांनी मला चहा पाजला. ते रागावले नाहीत. कप खाली ठेवून म्हणाले, "मी इथे नसेन. पण शिकलीस की घरी येऊन वाचून दाखव."

त्या संध्याकाळी मी उशिरा विहारात पोचले. आईने जवळ सरकून विचारलं, "झालं का मंजूर?"

"नाई. पह्यले थे भाषा शिका लागते."

"मंग शिक," ती म्हणाली आणि ग्रंथ माझ्यापुढे सरकवला. "बाया बसून राह्यल्या. वाच."

आता मी मोबाइलवरून रशियन शिकते. लहान मुलांच्या गोष्टीचं एक पान मी कागदावर छापून आणलं आहे. एकेका अक्षराखाली बोट धरून वाचते. अर्थ सांगण्याइतकं अजून येत नाही, म्हणून हात उचलत नाही.