बोटांवरची लाख

पोस्टात पार्सलावर वितळवलेल्या लाखेचा वास आला की मी अजूनही हात पदराखाली घेते.

पंचवीस वर्षं झाली. पगारवाढ मिळावी आणि परीक्षेचं सुपरव्हिजन फुकटात करायला लावू नये, म्हणून पेणच्या आमच्या शाळेतले सगळे शिक्षक संपावर होते. मी अजून कायम झाले नव्हते. "रोह्याच्या केंद्रावर माणूस हवंय. तुमच्या ऑर्डरचं बघू," हेडमास्तर हळूच म्हणाले. गेटवर माझ्या शेजारी बसणाऱ्या नसीमाबाईंना मी ताप आल्याचा निरोप धाडला आणि रोहा गाठलं.

दिवसभर वर्गात उभी राहिले, मग उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सील केले. संध्याकाळी पेणला, रामवाडीतल्या घरी आले तर नसीमाबाई पायरीवर बसलेल्या, मांडीवर पेजेचा डबा. तो घ्यायला मी हात पुढे केला. बोटांना लाल लाख तशीच होती.

त्यांनी ती पाहिली. मग माझ्या कपाळाला हात लावला.

"उतरलाय ताप," त्या म्हणाल्या. "गरम हाय तवर खा गो."

त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही, आणि मी कायम झाले. ती पेज मात्र मी थेंबही न ठेवता संपवली. दिवसभर उभी राहून मला सपाटून भूक लागली होती.