दादा आणि अमेरिकेचं विधेयक

बाहेरून आलेल्यांना रेशन मिळता कामा नये, असं माझ्या थोरल्या भावाचं ठाम मत आहे. शेलार गावात आमच्या घरामागे भाड्याच्या खोल्या आहेत. त्यांत लूमवर काम करणारी उत्तर प्रदेशातली बिऱ्हाडं राहतात. बाहेरच्यांकडून भाडं घ्यावं की नाही, याबद्दल मात्र दादाचं काहीच मत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले होते. मागच्या खोलीतली बाई नवऱ्याला घेऊन ओटीवर आली. तिला दिवस गेले होते. इथलं रेशन कार्ड काढायला घरमालकाचं संमतीपत्र हवं होतं.

"आज रेशन, उद्या सरकारी दवाखाना, परवा म्हनाल आमी इथलेच हाव," दादा म्हणाला. "न्हाय जमनार."

"ठीक है, चाचा," म्हणून नवरा शिफ्टला निघून गेला.

त्याच आठवड्यात अमेरिकेतून दादाच्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला. मध्यंतरी जावयाची नोकरी गेली, त्यातच बाळ झालं आणि दवाखान्याचा खर्च तिथल्या सरकारी योजनेतून झाला होता. आता तिकडे विधेयक येत होतं: ज्यांनी सरकारी मदत घेतली, त्यांना कायमचं राहू द्यायचं नाही. ते अजून पास व्हायचं होतं, पण भाचीचे डोळे आधीच सुजलेले.

"आमचा अर्ज अडकेल का, काही कळत नाही, बाबा."

दादा ताडकन उठला. "ह्यो कंचा कायदा? पोर तिथं राबते, टॅक्स भरते. बालंतपनाला दवाखान्यात न्हाय जायचं तं कुठं जायचं?"

त्याला जेवण जाईना. टपरीवर बसून तो अमेरिकेच्या खासदारांना अस्सल शेलारी शिव्या घालायचा आणि चहा पिणारे माना डोलवायचे. विधेयक पडावं म्हणून गणेशपुरीला जाऊन नवसही बोलून आला.

मला त्याची खरंच दया येत होती. तरी विचारलंच, "दादा, मागच्या खोलीतलीचंही बाळंतपणच आहे ना?"

"तिचं वेगलं हाय."

"काय वेगळं?"

"आपली पोर इमानानं गेलेली हाय."

विमानाने की सचोटीने, ते मी विचारलं नाही. घर आम्हा दोघांच्याही नावावर आहे. मी संमतीपत्रावर सही करून दिली. दादाने माझ्याशी बोलणं टाकलं. वहिनीमार्फत मात्र कळवलं, की घर फुटायला बाहेरचं कुणी लागत नाही.

कार्ड झालं. बाई सरकारी दवाखान्यातच बाळंत झाली, मुलगी झाली. पेढे घेऊन नवरा आधी दादाकडेच गेला. दादाने पेढा खाल्ला, आणखी एक मागून घेतला आणि त्याला अमेरिकेत कसा अन्याय चाललाय ते समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बहुत बुरा हुआ, चाचा."

विधेयकाचं घोंगडं तिकडे अजून भिजत पडलंय.