उपासाचा डबा

मुलुंडच्या बागेतल्या बाकावर आम्ही दोघांनी शेवटचं एकत्र खाल्लं ते संकष्टीला, त्याच्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. चाळिशीचा असेल. पाऊण बाक त्याचा, उरलेला माझा. आठवड्यातून तीन उपास करायचा. उपास म्हणजे तुपातली खिचडी, वर बटाट्याचा चिवडा, वर दोन केळी. मी म्हणायचो, "तुझ्या उपासाला देवच घाबरत असेल रे." तो हसायचा आणि हसून धापा टाकायचा.

त्या दिवशी सांगायला लागला, शुगर वाढलीय, झोपेत श्वास अडकतो, डॉक्टर पोट लहान करायचं ऑपरेशन सांगतायत.

"मग कर की."

"काका, चार घासांत पोट भरायला लागलं, तर बायकोने रांधायचं कुणासाठी?"

माझं डोकं सटकलं. माझ्या बायकोलाही डॉक्टरांनी हेच ऑपरेशन सांगितलं होतं. मीच म्हणालो होतो, चांगलं पोट कशाला कापायचं, त्यापेक्षा सोमवार धर. तिने सोमवार धरले, आणि वर्षभरात तिचं हृदय बंद पडलं.

"आणि तू मेल्यावर ती कुणासाठी रांधेल, गाढवा?" मी ओरडलो. "मी रोज एकट्यापुरता भात लावतो, ये बघायला."

त्याने अर्ध्या खिचडीवर झाकण लावलं आणि उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फाईल घेऊन आला. "काका, डॉक्टरकडे सोबत येता? एकट्याला भीती वाटते."

"रिक्षात तू बसल्यावर मी कुठे बसू?" म्हणालो, आणि अंग चोरून त्याच्या शेजारी बसलो.